माणसाला नीती कोणी शिकविली?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण. स्मरणिकेच्या वाचकांसाठी वक्त्याने स्वतः लिहून दिले.)





वार्षिक मेळाव्यात बोलावयास उभ्या राहणाऱ्या माणसाकडून लोकांच्या अपेक्षा ठरलेल्या असतात. त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, मुलांना शुभेच्छा द्याव्यात आणि जेवणाची वेळ होण्यापूर्वी खाली बसावे. यांपैकी शेवटची अट मी नक्की पाळीन. पहिल्या दोन गोष्टी मात्र आज बाजूला ठेवतो. एका मुलीने मला विचारलेला एक प्रश्न गेले वर्षभर माझ्या मनात घर करून बसला आहे आणि तो तुमच्यापुढे मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी आयुष्यभर विज्ञान शिकविले. निवृत्तीनंतरही दहावीची काही मुले संध्याकाळी शंका घेऊन घरी येतात. राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांती यांवर आहे. तो वाचता वाचता एक मुलगी थांबली आणि म्हणाली, "सर, शरीर हळूहळू बदलत आले असे येथे लिहिले आहे. मग खरे बोलावे, चोरी करू नये, हेही तसेच आले का? आणि तसेच आले असेल, तर ते पाळायचे कशाला?"

दोन दिवसांनी तिचे वडील आले. चहा पुढे केला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. म्हणाले, "गुरुजी, पोरगी हुशार आहे. तिला अकरावीला सायन्सला घालावे असे तिच्या अम्मीचे म्हणणे आहे. पण आताच असले प्रश्न पडू लागले, तर पुढे ईमानाचे काय होईल?"

मित्रहो, मुलीचा प्रश्न पोरकट नाही आणि बापाची भीतीही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०२३ साली एन.सी.ई.आर.टी.ने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा देशातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याविरुद्ध निवेदनावर सह्या केल्या होत्या. म्हणजे या विषयाचे अवघडलेपण केवळ आपल्याच घरात आहे असे समजू नका. परंतु पाठ गाळल्याने प्रश्न गळत नाही. तेव्हा आज आपण तो समोर घेऊ : माणसाची नीती निसर्गातून आली, बुद्धीतून आली, की धर्मातून?

मी मौलवी नाही आणि मोठा शास्त्रज्ञही नाही. म्हणून प्रथम माझीच एक चूक सांगतो.

करंगळीची गोष्ट

मी बारा वर्षांचा असेन. तेव्हा गोंदिया हा वेगळा जिल्हा नव्हता. तो झाला १ मे १९९९ रोजी. आपण भंडारा जिल्ह्यात होतो. माझे अब्बा आठवडी बाजारात बसून जंगलातला माल घेत : डिंक, हिरडा, बेहडा, पळसावरची लाख. एके दिवशी ते नमाजला गेले आणि तराजू माझ्या हाती आला. जंगलाकडच्या गावातील एक म्हातारी बाई लाख घेऊन आली. मी तोलताना वजने ठेवलेल्या पारड्यावर हळूच करंगळी टेकविली. पावशेर लाख फुकटात पदरात पडली.

त्या क्षणी काय झाले ते मला आजही आठवते. माझे कान तापले. कोणी पाहिले नव्हते, बाई खाली बघत पैसे मोजत होती, तरी कान तापले. मग लगेच डोक्याने वकिली सुरू केली : सगळेच व्यापारी असे करतात, हिला कुठे हिशेब कळतो, आणि आपण तरी कोठले श्रीमंत आहोत! पाच मिनिटांत कान थंड झाले. रात्री मी ती बहादुरी अब्बांना सांगितली, शाबासकी मिळेल या आशेने.

अब्बांनी मारले नाही. पुढच्या बाजाराला त्यांनी मला त्या बाईपुढे उभे केले, माझ्याच तोंडून सारे सांगावयास लावले आणि पावशेराचे पैसे माझ्याच हातांनी द्यावयास लावले. बाई म्हणाली, "मला ठाऊक होतं जी. लहान पोरगा आहे म्हणून बोलली नाही." घरी परतताना अब्बा एवढेच म्हणाले, "तिला दिसले नाही असे तुला वाटले. तिलाही दिसले होते आणि वरच्यालाही."

या एका गोष्टीत आजचा सारा विषय आहे. कान तापले ते कशाने? डोक्याने वकिली केली ती कोणाच्या बाजूने? आणि अब्बांनी मला परत त्या बाईपुढे का नेले? एकेक पाहू.

निसर्गाने काय दिले

चार्ल्स डार्विनने १८७१ साली माणसाच्या उत्पत्तीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात नीतीवर सविस्तर विचार केला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : कळपाने राहणाऱ्या प्राण्यांत एकमेकांविषयी ओढ असते. अशा प्राण्याची बुद्धी माणसाइतकी वाढली, तर त्याला सदसद्विवेकासारखे काहीतरी प्राप्त होणारच. पुढल्याच वर्षी, १८७२ साली, त्याने भावनांच्या खुणांवर पुस्तक लिहिले आणि शरमेने लाल होणे ही सर्वांत मानवी खूण आहे असे मत मांडले. माझ्या तापलेल्या कानांची दखल डार्विनने अगोदरच घेऊन ठेवली होती म्हणावयाची!

लांब जावयास नको. आपल्याच जिल्ह्यात नवेगाव-नागझिरा हा २०१३ साली जाहीर झालेला व्याघ्र प्रकल्प आहे. तेथील रानकुत्र्यांकडे पाहा. शिकार झाली की मोठी कुत्री पिल्लांना आधी खाऊ देतात. गुहेशी राखणीला थांबलेल्या आईसाठी आणि पिल्लांसाठी पोटातले अन्न परत ओकून देतात. झाडावरचा काळ्या तोंडाचा वानर वाघ दिसताच ओरडतो आणि खाली चरणारे चितळ सावध होतात. हे सारे कोणत्या शाळेत शिकविले जाते? डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ साली आणि रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ साली याचा हिशेब मांडला : रक्ताच्या नात्याला मदत केली तर आपलाच वंश टिकतो, आणि आज दुसऱ्याला मदत केली तर उद्या तो आपल्याला करतो. म्हणून असे स्वभाव टिकून राहिले.

२००३ साली अमेरिकेतील एका प्रयोगाची फार चर्चा झाली. कापुचिन जातीच्या दोन माकडिणींना एकाच कामाबद्दल बक्षीस द्यावयाचे. दोघींना काकडी दिली तर दोघीही आनंदाने खात. परंतु एकीला काकडी आणि शेजारणीला द्राक्ष दिले, की काकडीवाली पुष्कळदा काकडी नाकारी, कधी फेकूनही देई. म्हणजे अन्यायाची चीड माणसाच्या आधीपासून आहे.

आता येथे थांबून विचार करा. चीड कोणाला आली? जिला कमी मिळाले तिला. द्राक्ष खाणारीने सहसा तक्रार केली नाही! आपल्याला कमी मिळाले तर राग येणे हे निसर्गाने दिले. आपल्याला जास्त मिळाले तर अस्वस्थ होणे, हे अवघड आहे. नीतीची परीक्षा तेथे सुरू होते.

दुसरी गोष्ट. युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात कर्नाटकातील धारवाडजवळ याच काळ्या तोंडाच्या वानरांचा अभ्यास केला. बाहेरून आलेला नर टोळी ताब्यात घेतो तेव्हा जुन्या नराची तान्ही पिल्ले मारतो, असे त्याला आढळले. हेही निसर्गच! जो निसर्ग पिल्लाला घास भरवितो, तोच पिल्लाचा घोटही घेतो. म्हणून "हे नैसर्गिक आहे" एवढे म्हटल्याने ते चांगले ठरत नाही. निसर्गाने आपल्याला माया दिली, शरम दिली, अन्यायाची चीड दिली. पण ही सारी आपल्या माणसांपुरती, आपल्या टोळीपुरती. त्या म्हातारीसाठी माझे कान तापले खरे, पण पाच मिनिटांत थंडही झाले.

बुद्धीने काय केले

बुद्धीचे काम मला आपल्या तलावावर समजले. आपला जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांच्या ताब्यात आले आणि मालगुजारी गेल्यावर "माजी मालगुजारी", म्हणजे लोकांच्या तोंडी "मामा तलाव" झाले. अशा तलावाखाली धानाच्या बांध्या असतात. पाऊस ओढ देतो तेव्हा पाणी पाळीने सोडावे लागते. वरच्या बांधीवाल्याच्या मनात रात्री काय येते? माझी पोरे, माझे धान. खालच्याची पाळी उद्या आहे, पण अंधारात धुरा थोडा फोडला तर कोण पाहतो?

त्याच्या पोरांची माया निसर्गाने दिली आहे. तीच माया त्याला चोरीकडे ढकलते. त्याला अडविणारी पहिली गोष्ट म्हणजे बुद्धी. ती विचारते : तू फोडलास तसा प्रत्येकाने धुरा फोडला तर? तलाव एका रात्रीत रिकामा होईल आणि तुझेही धान वाळेल. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली नीतीचा पाया म्हणून जवळपास हाच प्रश्न मांडला होता : तुझ्या वागण्याचा नियम सर्वांनी पाळावा अशी तुझी तयारी आहे का? कांटने आमचा तलाव पाहिला नव्हता, पण पाळीचे पाणी ज्यांनी ठरविले त्या आपल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या पूर्वजांनी तोच नियम ओळखला होता.

केवळ बुद्धीच्या आधारावर स्वच्छ जगणारी माणसे असतात, हेही आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. आपल्या महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) होऊन गेले. त्यांनी १८८८ साली 'सुधारक' पत्र काढले. नीतीला धर्माज्ञेचा टेकू लागतो हे त्यांना मान्य नव्हते. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले, पण पैशाच्या मागे ते कधी लागले नाहीत. आपल्या अंत्यविधीसाठी लागणारे पैसे त्यांनी वेगळे बांधून ठेवले होते असे सांगतात. मेल्यावरही कोणावर भार नको! त्यांची मते आपल्याला पटोत वा न पटोत, अशा माणसाला अनीतिमान म्हणण्याची आपली जीभ धजता कामा नये.

परंतु बुद्धीचीही एक खोड आहे. ती उत्तम न्यायाधीश आहे, तितकीच उत्तम वकीलही आहे आणि फी देणाऱ्याच्या बाजूने उभी राहते. माझ्या करंगळीच्या बाजूने ती कशी धावून आली ते मी सांगितलेच. विसाव्या शतकात शिकल्यासवरलेल्या डॉक्टरांनी आणि प्राध्यापकांनी वंशशुद्धीच्या नावाखाली जर्मनीत दुबळ्यांना व ज्यूंना मारण्याची शास्त्रीय कारणे लिहून दिली. त्यांना बुद्धी कमी नव्हती.

धर्माचा वाटा

आता धर्माकडे येतो. पुष्कळ पालकांना वाटते की नीती म्हणजे धर्म आणि धर्म नसेल तेथे नीती नसते. आपल्याच परंपरेत हा प्रश्न इतका सोपा मानलेला नाही, हे मला तुमच्या निदर्शनास आणावयाचे आहे.

हजार-अकराशे वर्षांपूर्वी बसरा आणि बगदाद येथे मोठा वाद झाला. एखादी गोष्ट अल्लाहने फर्मावली म्हणून चांगली, की ती चांगली आहे म्हणून अल्लाहने फर्मावली? मुअतझिला पंथाचे विद्वान म्हणत, न्याय चांगला आणि जुलूम वाईट हे माणसाच्या अक्कलेला कळते. इमाम अशअरी यांच्या मताचे लोक म्हणत, चांगले-वाईट ठरते ते अल्लाहच्या हुकुमानेच. समरकंदचे इमाम मातुरीदी यांनी मधला मार्ग दाखविला : अनेक गोष्टींचे बरेवाईट बुद्धीला ओळखता येते, त्यांचे बंधन आणि त्यांचा जाब मात्र ईश्वरी आज्ञेने पक्का होतो. आपल्या भागातील बहुसंख्य लोक ज्या हनफी रीतीने नमाज पढतात, त्या परंपरेत श्रद्धेच्या बाबतीत मातुरीदींनाच इमाम मानतात. असाच प्रश्न ग्रीसमध्ये सॉक्रेटिसाच्या तोंडी प्लेटोने घातला होता. तेव्हा मुलीने प्रश्न विचारला म्हणून घाबरू नका. ती मोठ्या माणसांच्या रांगेत उभी आहे.

बाराव्या शतकात अंदलुसच्या इब्न तुफैल यांनी 'हय्य इब्न यक्झान' ही कथा लिहिली. निर्जन बेटावर एक मूल हरिणीच्या दुधावर वाढते. ना शाळा, ना मौलवी. केवळ निरीक्षण आणि विचार यांच्या बळावर ते ईश्वरापर्यंत आणि प्राणिमात्रांवरील दयेपर्यंत पोहोचते. पुढे शेजारच्या बेटावरील एक धार्मिक माणूस भेटतो आणि दोघांच्या लक्षात येते की आपण एकाच ठिकाणी पोहोचलो आहोत. हे पुस्तक आपल्या विद्वानाने लिहिले आहे, हे विसरू नका.

त्याहून मोठा दाखला सीरतमध्ये आहे. हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांना पैगंबरी मिळण्यापूर्वी मक्केत येमेनकडचा एक व्यापारी आला. एका बड्या माणसाने त्याचा माल घेतला आणि पैसे बुडविले. परका माणूस, पाठीशी कबिला नाही. तेव्हा मक्केतील काही सरदारांनी एकत्र येऊन करार केला की जुलूम ज्याच्यावर होईल त्याच्या बाजूने आपण उभे राहू, मग तो कोणीही असो. यालाच हिल्फुल फुजूल म्हणतात. त्यात तरुण मुहंमद (स.) सामील होते. पुढे पैगंबरी मिळाल्यानंतरही त्यांनी सांगितले की आजही मला अशा कराराची हाक आली तर मी जाईन. विचार करा : करार करणारे मुसलमान नव्हते, वहीही अजून आली नव्हती. तरी न्याय हा न्यायच होता, आणि इस्लामने तो मोडला नाही, उचलून धरला.

मग धर्माने नवे काय दिले? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी. पहिली, टोळीची भिंत ओलांडण्याची आज्ञा. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या जोड्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाचे गुनाह माफ झाले, ही हदीस तुम्हाला ठाऊक आहे. कुत्रा ना नातेवाईक, ना उद्या परतफेड करणारा. दुसरी, नीती रोजच्या बाजारात आणणे. मापात मारणाऱ्यांच्या नावाची कुरआनात एक सूरा आहे, अल्-मुतफ्फिफीन. गोंदियासारख्या तांदळाच्या गिरण्यांच्या गावात तिचा अर्थ मुलांना वेगळा समजावून सांगावा लागू नये. आणि तिसरी, जबाबदारी. हजरत उमर यांच्या काळातील ती गवळण मुलगी आठवा : आई म्हणाली, दुधात पाणी घाल, उमर कोठे पाहतो आहे! मुलगी म्हणाली, उमर पाहत नसेल, उमरचा रब पाहतो आहे. अंधारात धुरा फोडावयास निघालेल्या हाताला शेवटी थांबविते ती ही जाणीव.

पण धर्माच्या नावानेही माणसाने कमी पापे केलेली नाहीत. लाच खाऊन हजला जाणारे आपण पाहिले आहेत. वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी आपापल्या देवाच्या नावाने शेजाऱ्यांची घरे जाळली आहेत. टोळीची भिंत पाडावयास आलेल्या धर्मालाच आपण टोळीचा झेंडा करतो. अशा वेळी धर्माचा अर्थ नीट लावावयास पुन्हा बुद्धी लागते, आणि समोरच्याचे रडणे ऐकू यावयास निसर्गाने दिलेली माया लागते.

मुलीला दिलेले उत्तर

आता मुलीच्या प्रश्नाचा दुसरा भाग. नीती हळूहळू घडत आली असेल तर ती पाळायची कशाला?

मी तिला म्हटले, "बेटी, डोळा कसा घडला ते पुस्तकात आहे. तो हळूहळू घडला म्हणून डोळ्याला दिसणारा सूर्य खोटा ठरतो का? बेरीज करण्याची शक्ती मेंदूत हळूहळू आली म्हणून दोन आणि दोन पाच होतात का? तसेच हे. न्याय ओळखणारा डोळा माणसाला कसा मिळाला हा एक प्रश्न. न्याय पाळावा की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर विज्ञानाने शोधावे, आपण घाबरू नये. त्या उत्तराने दुसऱ्यातून सुटका होत नाही."

श्रद्धावान माणसाला यात अडचण वाटण्याचे कारण नाही. सूरा अश्-शम्समध्ये मनाला त्याच्या बऱ्यावाईटाची जाण दिल्याचा उल्लेख आहे. ती जाण देण्यास किती काळ लागला आणि ती कोणत्या वाटेने दिली गेली, हे शोधणे म्हणजे देणाऱ्याला नाकारणे नव्हे. सर सय्यद अहमद खान यांनी १८७० साली 'तहजीबुल अखलाक' हे नियतकालिक काढले. ईश्वराचे वचन आणि ईश्वराची करणी म्हणजे निसर्ग, यांत खरा विरोध असू शकत नाही, हीच त्यांची भूमिका होती. मात्र काही उत्साही मंडळी सांगतात की डार्विनने सारे आमच्याच ग्रंथांतून उचलले. असे बोलू नका. खोटा अभिमान हाही मापात मारण्याचाच प्रकार आहे.

आपल्या जिल्ह्यात आजही सारस पक्षी आहेत. महाराष्ट्रात अन्यत्र ते जवळजवळ दिसत नाहीत. सारसाची जोडी कधी धानाच्या बांधीतच घरटे करते. ते घरटे राखणारे शेतकरी येथे आहेत. त्या कोपऱ्यातले धान जाते, तरी पिल्ले निघेपर्यंत ते थांबतात. सारस त्यांचा नातेवाईक नाही, त्यांचे कर्ज फेडणार नाही, त्यांना मत देणार नाही. त्या शेतकऱ्याला कोणी विचारले की हे तू निसर्गाने करतोस, बुद्धीने, की धर्माने, तर तो हसेल. त्याच्यात तिन्ही मुरलेले आहेत. आपल्या मुलांत ते तसे मुरावेत, एवढेच आपल्याला करावयाचे आहे.

पालकांना दोन शब्द

इब्न मिस्कवैह यांनी हजार वर्षांपूर्वी 'तहजीबुल अखलाक' याच नावाचा ग्रंथ लिहिला. स्वभाव शिक्षणाने आणि सवयीने बदलता येतो, असे त्यांनी मांडले, आणि ते मांडताना ॲरिस्टॉटलपासून घ्यावयास संकोच केला नाही. सवय घरात लागते. म्हणून पालकहो, रागावू नका, पण स्पष्ट बोलतो. सायन्स शिकल्याने मुलाचे ईमान जाईल अशी भीती ज्या बापाला वाटते, तोच बाप बोर्डाच्या परीक्षेत खिडकीतून चिठ्ठी आत पोचविण्याची व्यवस्था करताना मी पाहिला आहे. त्या मुलाचे ईमान डार्विनने नेले नाही. ते बापाने नेले, आणि तेही परीक्षा केंद्राच्या भिंतीवर चढून.

दुसरे असे, की आपल्या मुलांना "आपल्यातच काय ती नीती, बाकी जग बिघडलेले" असे शिकवू नका. ते उद्या वर्गात, कचेरीत, बाजारात सर्व धर्मांच्या आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या माणसांबरोबर बसणार आहेत. तेथे त्यांना प्रामाणिक माणसे भेटतील. मग ती मुले गोंधळतील आणि आपल्यावरचा त्यांचा विश्वास उडेल. त्यापेक्षा हिल्फुल फुजूल सांगा.

आता त्या मुलीच्या वडिलांचे सांगून संपवितो. सारे ऐकून त्यांनी विचारले, "म्हणजे सायन्सला घालू म्हणता?"

मी म्हटले, "घाला. फक्त अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला लागेल, तो खरा जोडा."

ते हसले. मग गप्प झाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "खरा जोडला तर शिष्यवृत्ती बसत नाही, गुरुजी."

मी म्हटले, "मग नाही बसत."

त्यांनी थंड झालेला चहा घेतला आणि सलाम करून निघून गेले. मी त्यांना पुन्हा काही विचारले नाही. मुलगी आज अकरावीला सायन्सला आहे. शिष्यवृत्तीची यादी लागली तेव्हा मी मुद्दाम जाऊन पाहिली. तिचे नाव त्यात नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी प्रत्येकाचे कान कधी ना कधी तापतील. ते का तापतात हे जीवशास्त्रात जरूर शिका. पण ते थंड होण्यापूर्वी हात तराजूवरून उचला.

 जेवणाची वेळ झाली आहे. दिलेली अट पाळतो.

खुदा हाफिज.